रेनियर, मौंट

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वॉशिंग्टन राज्यातला हिमनद्यांनी आच्छादलेला ज्वालामुखी पर्वत व कॅस्केड पर्वतरांगेतील सर्वोच्च शिखर. उंची ४,३९२ मी.; स्थान ४६° ५१′ उ. व १२१° ४६′ प. सिॲटल शहराच्या आग्नेयेस तो सुमारे ९५ किमी.वर आहे. स्थानिक आदिवासींमध्ये तो ‘टहोमा’ व तत्सम नावांनी ओळखला जातो. इंग्रज दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हर याने १७९२ मध्ये त्याला नौदलातील अधिकारी पीटर रेनियर याचे नाव दिले.

भूरचना : वॉन द फूका हा सागरी भूपट्ट उत्तर अमेरिकी भूपट्टाखाली सरकत असल्याने कॅस्केड रांगेतील ज्वालामुखी निर्माण झाले. रेनियरचा सध्याचा डोंगर सुमारे पाच लाख वर्षांत, मुख्यतः अँडेसाइट लाव्हा व ज्वालामुखी राख-खडकांच्या थरांनी उभा राहिला. माथ्यावर एकमेकांत मिसळलेली दोन विवरे आहेत. त्यांतून निघणाऱ्या उष्ण वाफांमुळे विवरांतील बर्फाखाली गुहा तयार झाल्या आहेत. पूर्वेकडील लिटल टहोमा (३,३९५ मी.) हे उपशिखर म्हणजे जुन्या डोंगराचा झिजून उरलेला भाग होय.

हवामान व हिमनद्या : पॅसिफिककडून येणारे बाष्पयुक्त वारे पर्वताला अडतात व नैऋत्य उतारावर प्रचंड हिमवर्षाव होतो. पॅराडाइज येथे १९७१–७२ च्या हंगामात सु. २८.५ मी. बर्फ पडले. ईशान्येकडील सनराइजचा परिसर त्या मानाने कोरडा आहे. पर्वतावर सुमारे २५ हिमनद्या आहेत. त्यांपैकी ईशान्य उतारावरील एमन्स क्षेत्रफळाने सर्वांत मोठी, तर उत्तरेकडील कार्बन सर्वांत जाड असून तिचे टोक सु. १,१०० मी. उंचीपर्यंत खाली येते. विसाव्या शतकाच्या आरंभापासून हिमक्षेत्र बरेच घटले आहे.

नद्या : निस्क्वाली, प्युॲलप, कार्बन व व्हाइट या नद्यांचे पाणी प्युजेट साउंड या सागरी फाट्यास मिळते, आग्नेय बाजूचे पाणी काउलिट्झमार्गे कोलंबिया नदीत जाते. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाच्या पिठामुळे उन्हाळ्यात हे प्रवाह गढूळ पांढरट दिसतात.

चिखलाचे लोंढे : येथे लाव्हापेक्षा लाहार, म्हणजे खडक, माती व पाण्याचे वेगवान लोंढे, अधिक धोकादायक ठरतात. आम्लयुक्त उष्ण वायू आतला खडक कुजवून त्याची चिकणमाती करतात आणि असा ठिसूळ भाग कोसळला, की दऱ्यांतून लोंढा धावतो. उद्रेकात बर्फ वितळूनही असेच घडते. सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी माथा व ईशान्य बाजू ढासळून निर्माण झालेला ऑसिओला लोंढा प्युजेट साउंडपर्यंत पोहोचला. सुमारे ५०० वर्षांपूर्वीच्या इलेक्ट्रॉन लोंढ्याच्या वेळी उद्रेक झाल्याचा पुरावा मात्र नाही. त्याच्या गाळावर आज ऑर्टिंग हे गाव वसले आहे.

वनस्पती व मानवी वापर : पायथ्याशी डग्लस फर, हेमलॉक व सीडार यांची दाट अरण्ये, तर वृक्षरेषेलगत उन्हाळी फुलांची कुरणे आढळतात. हॅझर्ड स्टीव्हन्स व पी. बी. व्हॅन ट्रम्प यांनी १८७० मध्ये केलेली चढाई ही पहिली सुनोंदित यशस्वी चढाई होय. १८९९ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. प्युॲलप व कार्बन खोऱ्यांत १९९८ पासून जमिनीचे हादरे टिपून लाहारची पूर्वसूचना देणारी यंत्रणा आहे. ऑर्टिंगच्या शाळांतील मुलांकडून उंच जागी चालत जाण्याचा सरावही करून घेतला जातो.