घरात लहान मुलं आहेत? गेमची डिस्क अशी जपा

पीएस४ किंवा पीएस५वर डिस्कचा गेम इन्स्टॉल केला, तरी खेळताना डिस्क लागतेच. म्हणजे डिस्क खराब झाली की गेमही गेला. या ब्ल्यू-रे डिस्कमधला डेटा चकचकीत बाजूच्या खाली अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असतो. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटर खोल असतो.

मग काय कराल?

• खेळून झालं की डिस्क लगेच तिच्या डबीत आणि डबी वरच्या कप्प्यात.
• मोठ्या मुलांना डिस्क कडेनं धरायला शिकवा.
• डिस्क फिरत असताना कन्सोल हलवू नका.
• नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत डिस्क ठेवू नका. ती वाकू शकते.
• मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा. डेटा गोलाकार मार्गावर असतो, त्यामुळे गोल ओरखडा जास्त घातक.
• टूथपेस्ट घासू नका. वरचा संरक्षक थरच झिजतो.