मुलाला कॅन्सर झाला, उपचार मुंबईत, पण कुटुंबाने राहायचं कुठे? परळभोवतीची मदतीची साखळी कशी चालते?

परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या आसपासच्या फुटपाथवर चटया, पिशव्या आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसतात. मास्क लावलेली, केस गेलेली लहान मुलंही तिथे दिसतात. १९४१ मध्ये सुरू झालेल्या या हॉस्पिटलमध्ये देशभरातून पेशंट येतात. विदर्भ-मराठवाड्यातून येतात, तसेच उत्तर प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगालमधूनही. हॉस्पिटलात जागा मिळाली म्हणजे प्रश्न सुटला, असं लांबून वाटतं. पण खरी ओढाताण त्यानंतर सुरू होते.

उपचार इतके लांब का चालतात?

लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे रक्ताचा कॅन्सर. त्यातल्या अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या प्रकारावर साधारण दोन ते अडीच वर्षं उपचार चालतात. पहिले काही महिने किमोथेरपी जोरात असते. मूल रोज हॉस्पिटलात अॅडमिट नसतं, पण त्याला लांबही जाता येत नाही. किमोमुळे पांढऱ्या पेशी कमी होतात आणि अशा वेळी आलेला साधा तापही काही तासांत जीवघेणा ठरू शकतो. म्हणून डॉक्टर हॉस्पिटलच्या जवळच राहायला सांगतात.

आता हिशेब मांडून बघा. आई-वडिलांपैकी एकाची, बऱ्याचदा दोघांचीही मजुरी बुडालेली असते. धाकटं भावंडं गावी आजीकडे. सरकारी आरोग्य योजनेतून हॉस्पिटलच्या बिलाला आधार मिळतो. खोलीचं भाडं, जेवण, टॅक्सी आणि बुडालेली मजुरी मात्र घरच्यांनाच सोसावी लागते. औषधं चालू असताना, मूल बरं होण्याची शक्यता असतानाही कुटुंब गावी निघून जातं ते इथेच. डॉक्टरांच्या भाषेत याला ‘उपचार सोडणं’ म्हणतात. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. अनेक गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. उशिरा निदान आणि औषधांचा तुटवडा ही त्याची कारणं आहेतच, पण उपचार मध्येच सुटणं हेही एक मोठं कारण आहे.

म्हणजे फुकट खोली ही दया म्हणून दिलेली वस्तू नाही. तो उपचारांचाच भाग आहे.

मदत कोण करतं?

परळ-दादर भागात याची परंपरा जुनी आहे. संत गाडगेबाबांनी महाराष्ट्रात ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या नावाची दादर पूर्वेची धर्मशाळा आज बहुतांशी कॅन्सर पेशंट आणि त्यांच्या नातेवाइकांच्या राहण्यासाठी वापरली जाते. परळमध्येच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे.

पण किमो चालू असलेल्या मुलासाठी मोठ्या डॉर्मिटरीत राहणं धोक्याचं असतं. सामाईक संडास, खोकणारे शेजारी, बाहेरचं खाणं, कशातूनही संसर्ग होऊ शकतो. २००६ मध्ये सुरू झालेल्या सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सने इथे वेगळी पद्धत आणली. मूल आणि आई-वडिलांना स्वतंत्र जागा मिळते. स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच असलं, तरी प्रत्येक आईला स्वतःचा ओटा मिळतो. रेशन, समुपदेशन, मुलांचा अभ्यास आणि हॉस्पिटलपर्यंत गाडी, हे सगळं मोफत असतं. कॉटन ग्रीनला मुंबई पोर्ट ट्रस्टच्या जुन्या इमारती दुरुस्त करून त्यांचं मोठं केंद्र उभं राहिलं.

या ओट्याचं महत्त्व कमी समजू नका. त्याच्याभोवती बंगालची आई बीडच्या आईला भेटते. तोंडात फोड आल्यावर मुलाला काय भरवायचं, रिपोर्ट कुठल्या खिडकीवर मिळतो, हे डॉक्टरांच्या आधी तीच सांगते.

मुलांच्या आहारासाठी कडल्स फाउंडेशन काम करतं. हॉस्पिटलमधलं इम्पॅक्ट फाउंडेशन पैसे, राहण्याची सोय आणि पाठपुरावा यांची सांगड घालतं. एखादं मूल ठरल्या तारखेला आलं नाही तर घरी फोन जातो. ऐकायला किरकोळ वाटेल, पण उपचार सोडणाऱ्यांचं प्रमाण कमी करण्यात अशा फोनचाही वाटा आहे.

शेजाऱ्यांनी नको म्हटलं तर?

समाज नेहमी मदतीलाच धावतो असं नाही. २०२१ मध्ये म्हाडाने करी रोडची १०० घरं टाटा हॉस्पिटलला कॅन्सर पेशंटच्या नातेवाइकांसाठी दिली. स्थानिक रहिवाशांनी हरकत घेतली आणि तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निर्णयाला स्थगिती दिली. टीका झाल्यावर लगेच बॉम्बे डाइंगच्या आवारातल्या म्हाडाच्या इमारतीत तितकीच घरं देण्याचं ठरलं. वास्तविक कॅन्सर संसर्गजन्य नाही. शेजाऱ्यांना पेशंटपासून धोका नसतो. उलट आपला सर्दी-खोकला त्या मुलाला महागात पडू शकतो.

तुम्हाला काय करता येईल?

फोनवर सगळ्यात जास्त फिरतात ते प्लेटलेट्सचे मेसेज. प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस टिकतात, त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही आणि दाते सतत लागतात. मेसेज पुढे पाठवण्याआधी दिलेल्या नंबरवर फोन करून गरज अजून आहे का ते विचारा. मेसेज लिहिताना तारीख, वेळ, रक्तगट आणि रक्तपेढीचं नाव टाका. मुलाचा चेहरा आणि रिपोर्टचा फोटो टाकू नका. मूल बरं होऊन शाळेत गेलं तरी तो फोटो फिरतच राहतो. पैसे पाठवायचे असतील तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाला विचारून थेट हॉस्पिटलमधल्या पेशंटच्या खात्यात भरणं सगळ्यात सुरक्षित.

रेल्वेची सवलतही अनेकांना माहीत नसते. उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सूट आहे. त्यासाठी हॉस्पिटलचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं.

पुढच्या टप्प्यात औषधं सौम्य होतात, मूल गावी परततं आणि अधूनमधून तपासणीला येतं. तेव्हा जबाबदारी गावाकडे येते. वर्गात त्याला वेगळं बसवू नये, हे शिक्षकांनी बघावं लागतं. वर्गात कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी पालकांना कळवावं लागतं. आणि रात्री ताप चढला तर जिल्ह्याच्या हॉस्पिटलपर्यंत कुणाची गाडी निघेल, ते आधीच ठरलेलं असावं लागतं.