परवडणारे घर : मुंबईतील किमती व मापन

एखाद्या कुटुंबाला अन्न, शिक्षण आणि औषधपाणी यांच्या खर्चाला हात न लावता राहण्याजोगे घर विकत घेता किंवा भाड्याने राखता येते का, हे ठरवण्याच्या पद्धतींचा या विषयात समावेश होतो. मुंबईसाठी तीन मापे प्रचलित आहेत : किंमत व उत्पन्न यांचे गुणोत्तर, कर्जाचा हप्ता व उत्पन्न यांचे गुणोत्तर, आणि शासनाने आखलेली किंमत व क्षेत्रफळाची मर्यादा. तिन्ही मापे घर घेऊ शकणाऱ्या कुटुंबापासून मोजणी सुरू करतात. 2011 च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईच्या सुमारे 1 कोटी 24 लाख लोकसंख्येपैकी जवळपास 52 लाख लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. अशा शहरात खरेदीदारांच्या आकड्यांवरून केलेला निवाडा शहराचा ठरत नाही. मोजणी उत्पन्नापासून सुरू करून किमतीकडे गेली, तरच परवडण्याचा प्रश्न त्याच्या खऱ्या आकारात दिसतो.

किमतीची नोंद : मुंबईतील किमतींचा सर्वांत सलग दस्तऐवज म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाचे वार्षिक मूल्यदर तक्ते, अर्थात रेडी रेकनर, आणि त्यांच्या आधारे नोंदले जाणारे खरेदीखत. मुद्रांक शुल्क करारातील किंमत किंवा तक्त्यातील मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारले जाते. आयकर कायद्यातही तक्त्यातील मूल्यापेक्षा बऱ्याच कमी किमतीचा व्यवहार दोन्ही पक्षांना महाग पडतो. त्यामुळे नोंदलेली किंमत तक्त्यातील दराच्या खाली सहसा जात नाही, आणि मंदीत खरी किंमत उतरली तरी ती घसरण कागदावर उशिरा व अपुरी उमटते. व्यवहारांतील नोंदीबाहेर राहणाऱ्या रोखीच्या वाट्याबद्दल मतभेद आहेत. नोंदणीची संख्याही जपून वाचावी लागते. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात मुंबईतील मुद्रांक शुल्क 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आणले गेले आणि जानेवारी ते मार्च 2021 मध्ये ते 3 टक्के होते. या महिन्यांत नोंदणी कार्यालयांत उसळलेली गर्दी सवलतीची मुदत साधण्यासाठी होती. तिच्यावरून घरे स्वस्त झाली असा अर्थ काढता येत नाही. दुसरी अडचण क्षेत्रफळाची आहे. स्थावर संपदा कायद्याची अंमलबजावणी मे 2017 मध्ये सुरू होऊन कार्पेट क्षेत्रावर, म्हणजे घरातील प्रत्यक्ष वापरण्याजोग्या जागेवर, विक्री बंधनकारक झाली. त्यापूर्वीचे बरेच दर सुपर बिल्टअप क्षेत्रावर सांगितले जात, ज्यात जिना, लॉबी आणि उद्वाहनाचा वाटा मिसळलेला असे. 1,000 चौरस फूट सुपर बिल्टअपमधून 650 चौरस फूट कार्पेट निघत असेल, तर 20,000 रुपयांचा सांगितलेला दर प्रत्यक्षात सुमारे 30,800 रुपये पडतो. म्हणून जुन्या व नव्या दरांची थेट तुलना फसवी ठरते.

गुणोत्तरे : रिझर्व्ह बँकेने जुलै 2019 मध्ये 13 शहरांतील गृहकर्जांच्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानुसार घराच्या किमतीचे मासिक उत्पन्नाशी असलेले मध्यक गुणोत्तर देशपातळीवर मार्च 2015 मधील 56.1 वरून मार्च 2019 मध्ये 61.5 वर गेले. मुंबई 74.4 सह सर्वांत न परवडणारे शहर ठरले, तर भुवनेश्वर 54.3 सह सर्वांत परवडणारे. या आकड्यांवर विश्वास ठेवला तर मुंबईतील घर म्हणजे साधारण सव्वासहा वर्षांचे उत्पन्न, आणि मुंबई व भुवनेश्वर यांतील तफावत जेमतेम दीडपटही नाही. दोन्ही शहरांतील जमिनीचे भाव ज्याला ठाऊक आहेत त्याला ही तफावत अपुरी वाटेल. तिचे कारण नमुन्यात आहे. सर्वेक्षण मंजूर झालेल्या कर्जांचे आहे आणि कर्ज मंजूर करताना बँक हप्ता उत्पन्नाच्या ठराविक वाट्यात बसवते. शिवाय 30 ते 75 लाख रुपयांच्या कर्जात घराच्या मूल्याच्या 80 टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते, आणि मोठ्या कर्जात त्याहून कमी. ज्या कुटुंबाचे गुणोत्तर 120 किंवा 150 येते, ते बँकेच्या दारातूनच परत जाते आणि आकडेवारीत त्याची नोंद राहत नाही. शहर जितके महाग, तितके गळणारे अधिक. त्यामुळे 74.4 हा आकडा मुंबईची महागाई जेवढी दाखवतो, त्याहून अधिक बँकांच्या कर्जमर्यादा दाखवतो. नाइट फ्रँक या सल्लागार संस्थेचा निर्देशांक हप्ता व उत्पन्न यांच्या गुणोत्तरावर आधारलेला आहे. तो मुंबईसाठी 2010 मध्ये 93 टक्के, 2019 मध्ये 67 टक्के आणि 2023 मध्ये 51 टक्के होता. ही सुधारणा दुर्लक्षण्याजोगी नाही; मधल्या काळात उत्पन्ने वाढली, किमतींची वाढ मंदावली आणि काही वर्षे कर्जही स्वस्त होते. मात्र हे माप सरासरी उत्पन्नाचे आणि ठराविक आकाराच्या घराचे आहे, आणि हप्ता सुरू होण्याआधी उभी करावी लागणारी रक्कम त्यात येत नाही.

उत्पन्नाकडून मोजणी : मुंबई महानगर प्रदेशात आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटाची मर्यादा वार्षिक 6 लाख रुपये आहे, म्हणजे महिना 50,000. उत्पन्नाचा 40 टक्के भाग, 20,000 रुपये, हप्त्यासाठी सोडला आणि 8.5 टक्के दराने 20 वर्षांचे कर्ज धरले, तर सुमारे 23 लाखांचे कर्ज मिळते. स्वतःचे 20 टक्के घातल्यास घराची किंमत 29 लाखांच्या आत राहते. उपनगरातील उदाहरण म्हणून कार्पेटचा दर चौरस फुटाला 20,000 रुपये धरला, तर या पैशात सुमारे 144 चौरस फूट मिळतात. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे उभारलेल्या चाळींतील खोली 160 चौरस फुटांची होती. गटाच्या अगदी वरच्या टोकावरचे कुटुंबही आज तिच्याखाली येते. झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणाऱ्या 300 चौरस फुटांची किंमत याच दराने 60 लाख होते. वस्तू व सेवा करासाठी केंद्राने 2019 मध्ये महानगरांत परवडणाऱ्या घराची मर्यादा 60 चौरस मीटर कार्पेट व 45 लाख रुपये ठरवली. 45 लाखांच्या घरासाठी 36 लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे 31,240 रुपये येतो. तो उत्पन्नाच्या 40 टक्क्यांत बसायला वर्षाला सुमारे 9 लाख 37 हजार लागतात. महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाची, म्हणजे म्हाडाची, अल्प उत्पन्न गटासाठीची मर्यादा 9 लाखांवर संपते. शिवाय घराच्या किमतीतील स्वतःचे 9 लाख, 6 टक्के मुद्रांक शुल्काचे 2 लाख 70 हजार आणि नोंदणीचे 30,000 असे 12 लाख हाती लागतात. अशा रीतीने शासनाची एक व्याख्या ज्याला परवडणारे घर म्हणते, ते शासनाच्याच दुसऱ्या व्याख्येतील अल्प उत्पन्न गटाच्या आवाक्याबाहेर जाते.

आक्षेप : पहिला आक्षेप असा की, घरे विकली जातात त्या अर्थी ती कुणाला तरी परवडतात. हे खरे आहे, परंतु त्यातून खरेदीदार आहेत एवढेच सिद्ध होते. 2011 च्या जनगणनेत मुंबईत सुमारे 4 लाख 80 हजार घरे रिकामी आढळली. घर विकले जाणे आणि त्यात कुटुंब राहणे या दोन वेगळ्या घटना आहेत. दुसरा आक्षेप असा की, शहराची सीमा हेच एकक चुकीचे असून विरार, बदलापूर, पनवेल धरल्यास दर निम्म्याहून खाली येतो. महानगर प्रदेश मोजणीत घ्यावाच. परंतु बदलापूर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून 68 किलोमीटरवर आणि विरार चर्चगेटपासून 60 किलोमीटरवर आहे. किमतीतील बचत येथे रोजच्या प्रवासाच्या तासांत फेडली जाते. प्रवासाचा वेळ व खर्च मिळवल्याशिवाय या घरांना स्वस्त म्हणणे अपुरे आहे. तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे : प्रत्येकाने घर विकत घेतलेच पाहिजे असे नाही. तो मान्य केला की भाड्याचे माप खरेदीच्या मापाइतकेच आवश्यक ठरते, आणि मुंबईत नेमके तेच सर्वांत विरळ आहे.

भाडे : बाजारभावाच्या घरांत वार्षिक भाडे किमतीच्या साधारण 2 ते 3 टक्के असते, तर पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला ठोक रक्कम देऊन घेतलेल्या जुन्या भाड्याच्या घरांत ते नाममात्र आहे.

कारणे : भाडी 1940 च्या पातळीवर गोठवणारा 1947 चा कायदा, 1976 चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा (महाराष्ट्रात 2007 मध्ये रद्द) आणि 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील शहरात 1.33 व उपनगरांत 1 हा चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, ही घरांच्या महागाईची कारणे नेहमी सांगितली जातात. निर्देशांक वाढवल्याने किमती उतरतात की जमिनीचाच भाव चढतो, याविषयी नगररचनाकारांत एकमत नाही. महापालिका व राज्य यांना वाढीव चटई क्षेत्राच्या अधिमूल्यातून मोठे उत्पन्न मिळते, आणि हा भार अखेर घराच्या किमतीत येतो.

शासकीय घरे : म्हाडाच्या 2023 च्या मुंबई सोडतीत 4,082 घरे होती आणि अर्ज सुमारे 1 लाख 20 हजार.

मूल्यमापन : सोडतीतील हे प्रमाण कोणत्याही गुणोत्तरापेक्षा अधिक बोलके आहे, कारण बँकेच्या नमुन्यातून गळालेल्या कुटुंबांपैकी काही येथे मोजली जातात. परंतु अर्जासोबतची अनामत भरण्याइतकी ऐपत नसलेले तेथेही दिसत नाहीत. म्हणून मुंबईसाठी विश्वासार्ह मापाला तीन गोष्टी लागतात : प्रत्येक उत्पन्नगटाला कोणत्या भागात किती कार्पेट चौरस फूट मिळतात याची मांडणी, हप्त्याबरोबर सुरुवातीची रक्कम व प्रवासखर्च यांची बेरीज, आणि भाड्याने, पागडीने व झोपडीत राहणाऱ्यांचा समावेश असलेला नमुना. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी उपलब्ध माहितीतूनच काढता येतात. तिसऱ्यासाठी घरोघरी पाहणी लागेल. ती झाल्याशिवाय परवडणाऱ्या घरांचे कोणतेही धोरण ज्यांच्यासाठी आखले जाते, त्यांना न मोजताच आखले जाईल.