खिडकीतल्या टोमॅटोची वंशावळ

डिलाईल रोडला बीडीडी चाळीत आमची खोली होती. चाळ १९२०च्या दशकातली, खोली १६० चौरस फुटांची, माणसं पाच. म्हणजे झाडासाठी उरायची ती दक्षिणेच्या खिडकीची कड. तिथे मी नोव्हेंबरात दह्याच्या चार डब्यांत टोमॅटो लावायचे. वीतभर उंचीची झाडं. पहिल्या वर्षी आजी म्हणाली, "अगं, हे झाड आहे की मेथीची जुडी?" फेब्रुवारीत त्यावर बोराएवढे लालभडक टोमॅटो लागले, तेव्हा मात्र तिनेच शेजारच्या काकूंना बोलावून दाखवले.

या वाणाचं नाव मायक्रो-टॉम. तुमच्यापैकी जे वनस्पतिशास्त्रात किंवा जैवतंत्रज्ञानात पीएचडीची तयारी करतायत, त्यांची याच्याशी कधी ना कधी गाठ पडू शकते. म्हणून आज त्याचा इतिहास. मला तो उशिरा कळला आणि त्यात काय झालं, तेही सांगते.

आधी हिवाळ्याचं. थंड देशांत लोक हिवाळ्यात टोमॅटो घरात घेतात, कारण बाहेर बर्फ असतो. मुंबईत कारण वेगळं. टोमॅटोला फळ धरायला रात्रीचं तापमान साधारण १५ ते २० अंश लागतं. रात्री फार गरम राहिल्या की परागकण नीट तयार होत नाहीत, फुलं गळतात. आपल्याकडे बऱ्या रात्री मिळतात त्या डिसेंबर-जानेवारीतच. शिवाय मुंबई १९ अंश उत्तरेला. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंशांवर असतो, त्यामुळे तिरपं ऊन खिडकीतून थेट आत येतं. मे-जूनमध्ये तोच सूर्य डोक्यावर, खिडकीला त्याचा उपयोग नाही. घरात वारा आणि मधमाशी नसते, म्हणून फुलांच्या घोसाला रोज सकाळी एक टिचकी मारायची. टोमॅटोचे परागकोश नळीसारखे जुळलेले असतात, हलल्याशिवाय पराग सुटत नाही. एवढंच तंत्र.

आता झाड बुटकं कसं झालं ते. पहिला धागा १९१४चा, फ्लोरिडातला. नेहमीचा टोमॅटो वाढतच राहतो: तीन पानं, फुलांचा घोस, पुन्हा तीन पानं, पुन्हा घोस. तिथे आपोआप झालेल्या एका उत्परिवर्तनात दोन घोसांमधली पानं कमी होत गेली आणि शेवटी वाढच थांबली. त्याला नाव पडलं 'सेल्फ-प्रूनिंग', स्वतःची छाटणी स्वतःच करणारं. फळं साधारण एकाच वेळी पिकतात, म्हणून पुढे १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात यंत्राने टोमॅटो तोडायला असेच वाण कामी आले. म्हणजे खिडकीतलं झाड आणि शेकडो एकरांची यंत्रशेती यांच्यात एक जनुक सामाईक आहे. मला हे भारी वाटतं.

दुसरा धागा 'ड्वार्फ' नावाच्या जनुकाचा. ते १९९६ मध्ये वेगळं काढलं गेलं आणि १९९९ पर्यंत स्पष्ट झालं की ब्रासिनोस्टेरॉइड हे वाढीचं संप्रेरक बनवायला ते लागतं. ते बिघडलं की खोड आखूड, पानं गडद आणि चुरगळल्यासारखी.

फ्लोरिडा विद्यापीठाच्या स्कॉट आणि हार्बॉ यांनी १९८९ मध्ये मायक्रो-टॉम प्रसारित केला, त्यात हे दोन्ही बिघाड आहेत.  हवं होतं ते कुंडीत शोभणारं छोटंसं झाड. प्रयोगशाळेत त्याला आणलं ते १९९७ मध्ये, इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या गटाने. अरॅबिडोप्सिस छोटं आणि झटपट वाढणारं, पण त्याला गरदार फळ नाही. मायक्रो-टॉमला आहे, आणि पेरणीपासून पिकलेल्या फळापर्यंत ७० ते ९० दिवस पुरतात. त्यांनी सांगितलेली दाटी एका चौरस मीटरला १,३५७ झाडांपर्यंतची. हिशोब करा: आमच्या खोलीत वीस हजार झाडं मावली असती! (आम्ही कुठे झोपायचं, हा प्रश्न वेगळा.) पुढे जपान आणि ब्राझीलमधल्या गटांनी त्यावर उत्परिवर्तनांचे मोठे संग्रह उभे केले.

आता माझी गोष्ट. माझा पहिला प्रयोग होता, सावलीत टोमॅटोचं खोड किती लांबतं. कंट्रोल म्हणून मी मायक्रो-टॉम घेतला. कारण? शंभर लोक वापरतात, आणि घरी वाढवून हात बसलेला होता. पाच महिने खोडं मोजली. सावलीतली आणि उन्हातली झाडं जवळपास सारखीच. मी खुश, काहीतरी नवीन सापडलं म्हणून स्लाइड्ससुद्धा तयार केल्या. सेमिनारमध्ये एका सिनियर ताईने एकच प्रश्न विचारला: "तुझ्या कंट्रोलमध्ये ड्वार्फ जनुक धड आहे का?"

नव्हतं. सावलीत खोड लांबायला ब्रासिनोस्टेरॉइड लागतं आणि माझ्या झाडाला तेच नीट बनवता येत नव्हतं. मायक्रो-टॉममधलं ड्वार्फ नेमकं कुठे बिघडलंय, हे स्पेनमधल्या एका गटाने २००६ मध्येच छापलं होतं. मी त्या वाणावरचे तीसेक शोधनिबंध वाचले होते, पण सगळे 'मायक्रो-टॉम वापरून काय केलं' याचे. 'मायक्रो-टॉम म्हणजे काय' याचा एकही नाही. तुम्ही प्रस्ताव लिहाल तेव्हा वाणाचं नाव लिहिण्याआधी हा दुसरा ढीग उघडा. फळ पिकण्यावर काम करणाराला हा बिघाड कदाचित आड येणार नाही. खोड मोजणाराला तो बुडवतो.

बुटकेपणा संप्रेरक न बिघडवताही आणता येतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या गटाने जनुक-संपादनाने तीन जनुकं बदलून शहरी शेतीसाठी आटोपशीर टोमॅटो केला. त्यातलं एक तेच जुनं सेल्फ-प्रूनिंग. ड्वार्फला त्यांनी हात लावला नाही.

माझा कंट्रोल आता एल्सा क्रेग आहे. दोन्ही जनुकं शाबूत, उंची माझ्या डोक्याच्या वर, दर आठवड्याला सुतळीने बांधावा लागतो. मायक्रो-टॉम घरी अजून लावते. डब्यांवर चिकटपट्टी लावून तारखेखाली लिहिते, 'ड्वार्फ नाही, सेल्फ-प्रूनिंग नाही'. आजी विचारते, "नाही नाही काय लिहितेस गं, फळं तर लागलीयेत."