भारतीय हवामानशास्त्र विभाग

भारतीय हवामानशास्त्र विभाग (प्रचलित नाव: हवामान खाते) ही हवामानाची निरीक्षणे घेणारी, अंदाज वर्तविणारी व धोक्याचे इशारे देणारी भारत सरकारची संस्था आहे. ती पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत असून तिचे मुख्यालय नवी दिल्ली येथे आहे.

इतिहास

१८६४ साली कलकत्त्याला बसलेला चक्रीवादळाचा तडाखा आणि १८६६ व १८७१ मधील अवर्षण या पार्श्वभूमीवर १८७५ मध्ये विभागाची स्थापना झाली. हेन्री ब्लॅनफोर्ड हे पहिले प्रमुख होत. मुख्यालय १९०५ मध्ये सिमल्याला, १९२८ मध्ये पुण्याला व १९४४ मध्ये दिल्लीला हलविण्यात आले. पुण्यातील शिवाजीनगर येथील कार्यालय आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणून ओळखले जाते. १९०४ ते १९२४ या काळातील प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी मोसमी पावसाचा अभ्यास करताना ‘दक्षिणी आंदोलन’ ही संकल्पना मांडली. एल निनोच्या अभ्यासात ती आज पायाभूत मानली जाते. कृषी हवामानशास्त्र शाखा १९३२ मध्ये पुण्यात सुरू झाली.

पर्जन्यमापन व इशारे

दररोज सकाळी ८.३० वाजता मागील २४ तासांचा पाऊस मोजला जातो. २.५ मि.मी. वा त्याहून अधिक पाऊस झाल्यास तो ‘पावसाचा दिवस’ गणला जातो. ६४.५ ते ११५.५ मि.मी. पाऊस ‘जोरदार’, ११५.६ ते २०४.४ मि.मी. ‘अति जोरदार’ आणि त्यापुढील ‘अत्यंत जोरदार’ समजला जातो. इशाऱ्यांसाठी हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल हे चार रंग वापरतात. लाल रंग तातडीच्या कृतीची गरज दर्शवितो.

मराठवाड्यातील महत्त्व

विभागाने देशाचे ३६ हवामान उपविभाग पाडले आहेत. महाराष्ट्रात कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा व विदर्भ हे चार उपविभाग येतात. बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातील तेलगाव मराठवाडा उपविभागात मोडते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या भागात कापूस, सोयाबीन व तूर ही पिके प्रामुख्याने पावसावर अवलंबून असतात. जूनमधील पहिल्या सरीनंतर पेरणी केली व पुढे पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणीचे संकट ओढवते. त्यामुळे ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला कृषितज्ज्ञ देतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून विभागाच्या अंदाजावर आधारित कृषी सल्ला मराठीत प्रसिद्ध होतो.

पावसाच्या नोंदीला प्रशासकीय मूल्यही आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मि.मी.पेक्षा अधिक पाऊस झाल्यास राज्य शासन अतिवृष्टी धरते व पीकनुकसानीच्या मदतीसाठी हा निकष विचारात घेते. मात्र पाऊस एका शिवारात पडतो आणि शेजारच्या शिवाराला हुलकावणी देतो. मंडळातील एका पर्जन्यमापकाचा आकडा सर्व गावांची स्थिती दाखवेलच असे नाही. म्हणून केंद्रांची घनता आणि मापकांची अचूक देखभाल हे शेतकऱ्यांच्या दृष्टीने कळीचे प्रश्न ठरतात.