पाचव्या कलमाची कुळकथा

युरोप वा उत्तर अमेरिकेतील एका सदस्य देशावर झालेला सशस्त्र हल्ला सर्वांवरचा हल्ला मानला जाईल, असे नाटो कराराचे पाचवे कलम सांगते. ही कल्पना आधीचीच. सप्टेंबर १९४७ मध्ये अमेरिका खंडांतील देशांनी रिओ दि जानेरो येथे केलेल्या करारात ती जवळपास याच शब्दांत आली होती. तिला कायद्याचा आधार होता संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील ५१ व्या कलमाचा. त्यात सामूहिक स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केलेला आहे.

फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी चेकोस्लोव्हाकियाची सत्ता बळकावली आणि पश्चिम युरोप हादरला. १७ मार्चला ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग यांनी ब्रुसेल्स करार केला. त्याची भाषा रोखठोक होती: हल्ला झालेल्या देशाला बाकीचे आपल्या ताकदीत असेल ती सर्व लष्करी आणि इतर मदत देतील. जूनमध्ये बर्लिनची नाकेबंदी झाली, तेव्हा अमेरिकेवाचून या शब्दांत बळ नाही हे उघड झाले.

अमेरिकेला मात्र इतके बांधून घेता येईना. तिच्या राज्यघटनेनुसार युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा. देशाला आपोआप युद्धात ओढणाऱ्या मसुद्याला टॉम कॉनली आणि आर्थर व्हँडेनबर्ग या वजनदार सिनेटरांनी १९४९ च्या आरंभी हरकत घेतली. युरोपीय राजदूतांना तर पक्की हमी हवी होती. शेवटी ठरले ते असे, की प्रत्येक देश स्वतःला आवश्यक वाटेल ती कृती करील, आणि तीत सशस्त्र बळाचा वापरही येईल. हा ढिलेपणा अनेकांना उणीव वाटतो. पण लोकनियुक्त सभागृहांचा अधिकार शाबूत ठेवून वचन द्यायचे, तर दुसरा मार्ग नव्हता. ४ एप्रिल १९४९ रोजी १२ देशांनी वॉशिंग्टनमध्ये सह्या केल्या. जुलैत सिनेटने ८२ विरुद्ध १३ मतांनी मंजुरी दिली.

प्रास्ताविकेत लोकशाहीची ग्वाही असूनही संस्थापकांत सालाझारचा हुकूमशाही पोर्तुगाल होता; अझोर्स बेटांवरचे तळ सोडवत नव्हते. वसाहतींच्या लढायांत गुंतू नये म्हणून सहाव्या कलमाने कर्कवृत्ताच्या उत्तरेची सीमा आखली. गोवा तिच्याबाहेर. त्यामुळे डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले, तेव्हा पोर्तुगालला पाचव्या कलमाचा आधार नव्हता.

हे कलम आजवर एकदाच पुकारले गेले, १२ सप्टेंबर २००१ रोजी, तेही युरोपसाठी नव्हे तर अमेरिकेसाठी. नाटोची टेहळणी विमाने अमेरिकी आकाशात गस्त घालू लागली. रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर मोठे आक्रमण केल्यावर फिनलंड आणि स्वीडन यांनी तटस्थतेची जुनी परंपरा सोडून अनुक्रमे २०२३ व २०२४ मध्ये याच कलमाचा आसरा घेतला. युक्रेन सदस्य नसल्याने त्याला ते लागू होत नाही.