सारणीयंत्रे, अमेरिकन जनगणनेतील
शासकीय माहितीच्या यांत्रिक संस्करणाचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८९० च्या जनगणनेत झाला. तेथील संविधानानुसार दर दहा वर्षांनी शिरगणती करून प्रतिनिधिगृहातील जागांची राज्यनिहाय वाटणी करावी लागते. १८८० च्या गणनेची कोष्टके मुख्यतः हातांनी केल्याने ती पूर्ण होण्यास सात-आठ वर्षे लागली. लोकसंख्या वाढतच असल्यामुळे एका गणनेचे काम संपण्यापूर्वी दुसरी सुरू होण्याचा धोका निर्माण झाला.

हेर्मान हॉलरिथ (१८६०–१९२९) ह्या अभियंत्याच्या यंत्राने हा प्रश्न सोडविला. प्रत्येक व्यक्तीची माहिती एका पत्रावर छिद्रांच्या रूपाने नोंदली जाई. छिद्रांतून गेलेल्या टाचण्या खालील पाऱ्यात बुडून विद्युत् मंडल पूर्ण होई व तबकडीवरील काटा पुढे सरके. अशा रीतीने ६ कोटींहून अधिक लोकांची गणना झाली.

तथापि ही यंत्रे शासनाने भाड्याने घेतलेली होती. १९०० च्या गणनेनंतर भाड्यावरून मतभेद वाढले. १९०२ मध्ये कायम स्वरूप मिळालेल्या जनगणना कार्यालयाने १९०५ मध्ये हॉलरिथची यंत्रे सोडून स्वतःची कार्यशाळा उभारली. तेथे जेम्स पॉवर्स यांनी विकसित केलेली यंत्रे १९१० च्या गणनेत वापरण्यात आली. हॉलरिथची कंपनी १९११ मध्ये इतर कंपन्यांत विलीन झाली. ह्या संयुक्त कंपनीलाच १९२४ मध्ये आयबीएम हे नाव मिळाले. १९५१ मध्ये कार्यालयाने युनिव्हॅक-१ हा संगणक स्वीकारला.

कायद्याने बांधलेले काम एकाच पुरवठादारावर सोपविल्यास शासनाचे वेळापत्रक व खर्च दोन्ही त्याच्या हाती जातात, हे ह्या इतिहासातून स्पष्ट होते.